लहरींवरील मक्ता

मोबाईल टेलिफोनच्या क्षेत्रातील बड्या कंपन्यांविषयी आपल्या भांडवली वृत्तपत्रांत दोन कथा आलटून पालटून छापल्या जातात. पहिली कथा स्पर्धेची. या कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या आहेत, एकमेकींना न्यायालयांत खेचीत आहेत आणि या झुंजीतून ग्राहकाचे कल्याण साधले जात आहे, असे ती सांगते. दुसरी कथा सहकार्याची. त्याच कंपन्यांचे अभियंते महिनोन्महिने एका टेबलाभोवती बसतात, साऱ्या जगासाठी एकच प्रमाण ठरवितात आणि त्यामुळेच पुण्यात घेतलेला फोन पॅरिसमध्ये चालतो, असे हिचे म्हणणे. एकाच आठवड्यात दोन्ही कथा वाचूनही वाचकाला विसंगती जाणवू नये, अशी त्यांची मांडणी असते. वस्तुतः दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. झुंज लुटीच्या वाटणीसाठी चालते आणि मैत्री वसुलीच्या हक्कासाठी टिकते. बिल कोणाच्या नावाने फाटते, एवढेच दोन्ही कथांत सांगायचे राहून जाते.

प्रथम ‘प्रमाण’ म्हणजे काय ते पाहू. हातातला फोन आणि दूरवरचा मनोरा यांनी कोणत्या लहरींवर, कोणत्या क्रमाने, कोणत्या सांकेतिक भाषेत बोलायचे याचा तपशीलवार करार म्हणजे प्रमाण. तो करार एक असेल तर कोणाचाही फोन कोणाच्याही मनोऱ्याशी बोलू शकतो. रेल्वेच्या रुळांतील अंतर सर्वत्र सारखे असावे, तशीच ही गरज आहे आणि ती निःसंशय सामाजिक गरज आहे. प्रमाण एकच असावे याला आमचा विरोध नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. कारण या विषयावर तोंड उघडले की लगेच ‘तुम्हाला फोन गावाच्या वेशीबाहेर चालायला नको का?’ असा प्रश्न अंगावर टाकला जातो.

मुक्त बाजारपेठेच्या भाटांना एक गोष्ट आठवून देणे आवश्यक आहे. जगातील सर्वात यशस्वी ठरलेले मोबाईलचे प्रमाण, म्हणजे जी.एस.एम., बाजारपेठेने जन्माला घातले नाही. १९८२ साली युरोपातील टपाल व टेलिफोन प्रशासनांच्या परिषदेने त्यासाठी अभ्यासगट नेमला. ही प्रशासने त्या काळी बहुतांशी सरकारी मालकीची होती. १९८६ साली पॅरिसमध्ये निरनिराळ्या गटांच्या नमुन्यांच्या चाचण्या झाल्या. आपापल्या कारखानदारांचा नमुना पुढे रेटणारी सरकारे एकमेकांशी भांडली, पण अखेर नमली. आणि सप्टेंबर १९८७ मध्ये कोपनहेगन येथे १३ देशांतील टेलिफोन प्रशासनांनी एकाच प्रमाणाची जाळी उभारण्याच्या करारावर सह्या केल्या. सार्वजनिक संस्थांनी सार्वजनिक हेतूने केलेले हे काम होते. त्यात भांडवलदारांचा प्रवेश कोठे झाला? टेलिफोन प्रशासनांनी कारखानदारांपुढे अट घातली की, या प्रमाणात येणारी तुमची पेटंटे विनामूल्य वापरू द्या. कारखानदारांनी ती धुडकावली. अमेरिकेच्या मोटोरोलाने तर आपल्या पेटंटांच्या बदल्यात पैसा न मागता इतरांची पेटंटे मागितली. म्हणजे ज्याच्याजवळ अदलाबदलीला पेटंटे होती अशा मूठभर बड्यांनाच आत प्रवेश मिळाला आणि ज्याच्याजवळ फक्त कामगार, हत्यारे आणि हुन्नर होता तो बाहेर राहिला. सहकार्याचा हा पहिला धडा. महाराष्ट्रातील वाचकाला तो समजावून सांगण्याची गरज नसावी. शेतकऱ्याच्या उसावर उभा राहिलेला ‘सहकार’ चेअरमनच्या घरी कसा मुक्कामाला जातो, हे त्याने पाहिलेले आहे.

या तंट्यातून १९९० च्या दशकात युरोपच्या प्रमाणसंस्थेने जो तोडगा काढला, तो आजतागायत साऱ्या जगात चालू आहे. ज्या पेटंटावाचून प्रमाण पाळताच येत नाही त्याला ‘अपरिहार्य पेटंट’ म्हणतात. आणि अशा पेटंटाचा धनी ते इतरांना ‘न्याय्य, वाजवी आणि भेदभावरहित’ अटींवर देण्याचे वचन देतो. आम्हा अनुवादकांचा अनुभव असा की, दस्तऐवजात एका ओळीत तीन विशेषणे आली आणि आकडा एकही आला नाही, की तेथे कोणाचा तरी खिसा कापला जाणार आहे असे खुशाल समजावे. वाजवी म्हणजे किती? प्रमाणसंस्था त्याचे उत्तर देत नाही. दर ठरविणे आपले काम नाही असे सांगून ती हात झटकते. मग उत्तर देतो पेटंटाचा धनी. फाइव्ह-जीच्या पिढीसाठी क्वालकॉमने जाहीर केलेला दर असा: अनेक पिढ्यांची प्रमाणे पाळणाऱ्या फोनवर अपरिहार्य पेटंटांसाठी विक्री किमतीच्या ३.२५ टक्के, किंमत मोजताना कमाल मर्यादा ४०० डॉलर. एरिक्सनने महागड्या फोनसाठी ५ डॉलर आणि स्वस्तासाठी २.५० डॉलरपर्यंत खाली येण्याची तयारी सांगितली. नोकियाने २०१८ साली कमाल ३ युरो मागितले. चीनच्या हुआवेने २०२१ साली कमाल २.५० डॉलर. हे चार झाले. धनी याहून कितीतरी अधिक आहेत. प्रत्यक्ष सौदे बंद दाराआड होतात आणि जाहीर दरापेक्षा कमी-अधिक असतात, हे खरे; पण कारखान्याची किंमत १०,००० रुपये असलेल्या फोनवर क्वालकॉमचा जाहीर दर एकटाच ३२५ रुपये होतो, हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल.

टक्केवारी कशावर मोजली जाते ते विशेष पाहण्यासारखे आहे. रेडिओलहरींशी बोलणारे काम फोनमधील एका छोट्या चिपमध्ये होते. पण वसुली चिपच्या किमतीवर होत नाही, संपूर्ण फोनच्या किमतीवर होते. कारखानदाराने पडदा मोठा केला, चांगला कॅमेरा बसविला, बॅटरी वाढविली, की लहरींचा धनी त्यातही आपला हिस्सा मागतो. शेतात आंब्याची कलमे लावली म्हणून विहिरीच्या पाण्याचा दर वाढवावा, त्यातला हा न्याय!

याबाबत जगातील सरकारांनी काय केले? चीनच्या नियामकांनी २०१५ साली क्वालकॉमला ९७ कोटी ५० लाख डॉलरचा दंड ठोठावला आणि त्या देशात विकल्या जाणाऱ्या फोनसाठी विक्री किमतीच्या ६५ टक्क्यांवरच आकारणी करण्यास तिला भाग पाडले. दक्षिण कोरियाने २०१६ साली एक लाख कोटी वॉनहून अधिक दंड केला. खुद्द अमेरिकेत २०१९ साली कनिष्ठ न्यायालयाने क्वालकॉमला मक्तेदारीबद्दल दोषी ठरविले. २०२० साली अपील न्यायालयाने तो निकाल उलटविला. आणि भारतात? आपल्या स्पर्धा आयोगाने २०१३ साली मायक्रोमॅक्सच्या तक्रारीवरून एरिक्सनच्या चौकशीचा आदेश दिला होता. दहा वर्षे ते प्रकरण न्यायालयांच्या पायऱ्या चढत-उतरत राहिले आणि जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने निर्णय दिला की, पेटंटाच्या अटींचा प्रश्न पेटंट कायद्याच्या कक्षेतील असल्यामुळे स्पर्धा आयोगाला त्यात हात घालता येणार नाही. पुढच्याच वर्षी, मार्च २०२४ मध्ये, लावा या भारतीय फोन-कंपनीने एरिक्सनला २४४ कोटी रुपये नुकसानभरपाई द्यावी असा निकाल लागला. लावा किंवा मायक्रोमॅक्स या कंपन्यांविषयी आम्हाला फार जिव्हाळा आहे असे नव्हे. तेही भांडवलदारच, आणि बाजारपेठेतून ते मागे फेकले गेले त्याला केवळ पेटंटांची वसुली कारण नव्हती. पण कुलपे कोणी बनविली आणि किल्ल्या कोणाकडे राहिल्या, ते या प्रकरणाने दाखविले.

आता झुंजीकडे वळू. ही झुंज आपल्याकडे दोनदा झाली आणि दोन्ही वेळा तिचे भाडे आपण भरले.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री कॉ. ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी मोबाईलवरून संभाषण केले आणि भारतात या सेवेचा आरंभ झाला. जाळे मोदी-टेल्स्ट्रा या खाजगी कंपनीचे, प्रमाण जी.एस.एम. काही वर्षांतच क्वालकॉमचे सी.डी.एम.ए. हे प्रतिस्पर्धी प्रमाण मागल्या दाराने आत आले. जानेवारी २००१ मध्ये सरकारने साध्या टेलिफोनच्या परवानाधारकांना ‘मर्यादित फिरतीच्या’ सेवेची सवलत दिली. त्या सवलतीच्या फटीतून रिलायन्सने देशभर सी.डी.एम.ए.चे जाळे विणले आणि २००३ सालच्या पावसाळ्यात ५०१ रुपये भरा आणि फोन घ्या अशी आरोळी ठोकली. जी.एस.एम.वाले लवादाकडे धावले, सर्वोच्च न्यायालयात गेले. वर्तमानपत्रांत दोन्ही बाजूंच्या पानभर जाहिराती झळकल्या. नोव्हेंबर २००३ मध्ये एकत्रित परवान्याची युक्ती काढून सरकारने मागल्या दाराला पुढल्या दाराचा दर्जा दिला. ऑक्टोबर २००७ मध्ये तर एकाच परवान्यावर दोन्ही प्रमाणे वापरण्याची मुभा देऊन टाकली आणि ज्या जी.एस.एम.ला शिव्या घातल्या होत्या तेच रिलायन्सने सुरू केले. तडजोड झाली, हस्तांदोलने झाली. राहिला तो ग्राहक. त्याच्या हातातला सी.डी.एम.ए.चा फोन दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावर चालत नव्हता. आणि पुढे २०१६-१७ च्या सुमारास ते जाळेच बंद झाले तेव्हा तो फोन पोराला खेळायला देण्यापलीकडे कामाचा उरला नाही.

दुसरी झुंज २०१० सालची आणि ती मुंबईच्या आकाशावर झाली. चौथ्या पिढीसाठी इंटेलने पुढे केलेले वायमॅक्स आणि एरिक्सन, नोकिया, क्वालकॉम यांच्या गोटातील एल.टी.ई. अशी ती लढत होती. भारताची बाजारपेठ ज्याच्या पदरात पडेल त्याचे पारडे जड होणार, हे उघड होते. क्वालकॉम ही टेलिफोनसेवा देणारी कंपनी नाही. भारतात ग्राहक मिळविण्याचा तिचा विचारही नव्हता. तरीही जून २०१० च्या लिलावात तिने मुंबई, दिल्ली, हरियाणा आणि केरळ या चार विभागांतील लहरी सुमारे ४९०० कोटी रुपयांना विकत घेतल्या. हेतू लपविलेला नव्हता. या लहरींवर एल.टी.ई.च यावे याची तजवीज करायची आणि मग त्या कोणा टेलिफोन-कंपनीच्या गळ्यात घालून बाजूला व्हायचे, असा तो बेत होता. २०१२-१३ मध्ये त्या भारतीच्या हवाली झाल्या. म्हणजे सुमारे दोन वर्षे मुंबईच्या आकाशाचा एक तुकडा एका अमेरिकन कंपनीने आपल्या पेटंटांचे कुंपण म्हणून वापरला! राष्ट्राची मालमत्ता म्हणून ज्या लहरींचा गौरव करण्यात येतो, त्यांची ही किंमत. वायमॅक्स हरले. इंटेलचे त्यात फारसे बिघडले नाही. पण सरकारच्या सांगण्यावरून भारत संचार निगमने ग्रामीण भागासाठी वायमॅक्सची यंत्रसामग्री उभी केली होती; हरलेल्या घोड्यावरची ती रक्कम सार्वजनिक तिजोरीतून गेली आणि त्यासाठी घेतलेल्या लहरीही निगमला पुढे परत करण्याची पाळी आली.

ही सर्व चर्चा हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवू. म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर तालुक्यात कावेरीच्या वळणावर तलकाड हे गाव आहे. एके काळी गंग राजांची राजधानी. पुढे ते चोळांनी घेतले. बाराव्या शतकाच्या आरंभी होयसळ विष्णुवर्धनाने जिंकले आणि ‘तलकाडुगोंड’ असे बिरुद मिरविले. आज तेथील वाळूच्या टेकड्यांखालून उकरून काढलेली देवळे पाहायला महाराष्ट्रातूनही प्रवासी जातात. गावावर वाळू का आली असे विचारले की अलमेलम्मा नावाच्या स्त्रीच्या शापाची कथा सांगतात. नदीवर घातलेला बंधारा, आटलेला प्रवाह आणि उघड्या पात्रातली वाळू उडवून आणणारा वारा, हे अभ्यासकांचे स्पष्टीकरण कथेइतके रंजक नसल्यामुळे मागे पडते. खेड्यात ‘रेंज नाही’ हेही आपल्याकडे असेच शापासारखे सांगितले जाते. जणू ती डोंगराची, झाडांची, गावकऱ्यांच्या नशिबाची गोष्ट आहे.

तलकाडच्या खालच्या अंगाला याच कावेरीवर शिवसमुद्रमचा धबधबा आहे. तेथे १९०२ साली वीजकेंद्र सुरू झाले. ती वीज पहिल्यांदा कोठे गेली? शेजारच्या खेड्यांत गेली नाही. म्हैसूर-बंगळूरलाही गेली नाही. सुमारे १४७ किलोमीटरची तार ओढून ती इंग्रज कंपन्यांच्या कोलार येथील सोन्याच्या खाणींना देण्यात आली. बंगळूरला ती १९०५ साली पोचली आणि कावेरीकाठच्या खेड्यांनी आणखी कित्येक दशके वाट पाहिली. तारेला अंतराची अडचण नव्हती. खेड्याच्या अंतरात नफा नव्हता, एवढेच.

मोबाईलच्या लहरींचे गणित याहून वेगळे नाही. मनोरा मोठ्या आवाजात ओरडू शकतो. तो फोनला ऐकू येतो. पण फोनची शक्ती किती? एक वॅटचा सुमारे पाचवा हिस्सा. त्याचे उत्तर मनोऱ्यापर्यंत पोचत नाही. देवळाच्या कळसावर कर्णा लावला तरी मळ्यातल्या म्हातारीचे उत्तर पुजाऱ्याला ऐकू येत नाही, तसेच हे. शहरात मनोरे जवळजवळ असल्यामुळे ही अडचण जाणवत नाही. फाइव्ह-जीच्या प्रमाणाची ग्रामीण कसोटी ठरविताना जी मोजणी प्रथम गृहीत धरली गेली, तीत दोन मनोऱ्यांतील अंतर १.७ किलोमीटर होते. एवढ्या अंतरावर मनोरे उभारणे युरोपातील श्रीमंत खेड्याला परवडत असेल. आपल्याकडे सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती आहेत. पंचायतीच्या गावी एक मनोरा आणि त्याच्याभोवती तीनेक किलोमीटरपर्यंत विखुरलेल्या वाड्या-वस्त्या, अशीच आखणी शक्य आहे. तलकाडच्या परिसराचा नकाशा पाहावा, आपल्या सातारा-सिंधुदुर्गातला पाहावा, चित्र तेच.

हे ओळखून मद्रास व हैदराबाद येथील आय.आय.टी. आणि मद्रासचे वायरलेस तंत्रज्ञान केंद्र यांतील संशोधकांनी मांडणी केली की, दोन मनोऱ्यांत ६ किलोमीटर अंतर धरून खेड्याची कसोटी लावा. राष्ट्रसंघाच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने २०१७ साली ही कसोटी मान्य केली. हैदराबादचे प्रा. किरण कुची यांच्यासारख्या संशोधकांनी त्यावरचा तांत्रिक उपायही पुढे ठेवला. फोनमधून निघणाऱ्या लहरींचे चढउतार सपाट करणारी रचना वापरली तर तोच छोटा फोन अधिक शक्तीने बोलू शकतो आणि दूरच्या मनोऱ्याला ऐकू येतो. ‘फाइव्ह-जी-आय’ या नावाने भारतीय प्रमाणसंस्थेने हा प्रस्ताव मांडला आणि २०२१ च्या आरंभी आंतरराष्ट्रीय संघटनेने फाइव्ह-जीच्या मान्य तंत्रांच्या यादीत त्याला स्थान दिले. पैसा सार्वजनिक, संशोधक सार्वजनिक संस्थांतले, प्रश्न खेड्याचा.

आणि मग एक चमत्कार घडला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे सर्व पहिलवान एका बाजूला झाले. टेलिफोन-कंपन्यांची संघटना, विदेशी यंत्रसामग्री-उत्पादक, चिप बनविणारे, सगळ्यांनी एकमुखाने सांगितले: वेगळ्या प्रमाणामुळे फोन महागतील, परदेशात चालणार नाहीत, जगापासून भारत तुटेल. या युक्तिवादात तथ्य मुळीच नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. लहान संख्येने बनणारी चिप महाग पडते, सी.डी.एम.ए.च्या ग्राहकांची फजिती आम्हीच वर सांगितली आहे. पण विचारण्यासारखे हे की, खेड्यापर्यंत पोचण्याची ही सुधारणा एकाच जागतिक प्रमाणात पहिल्यापासून बंधनकारक करायला कोणी अडविले होते? बैठका त्यांच्याच होत्या, मतेही त्यांचीच. २०१६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील रीनो शहरी झालेल्या बैठकीत संदेशातील चुका सुधारणारी सांकेतिक पद्धती कोणाची घ्यायची यावरून हुआवे आणि क्वालकॉम यांच्या गोटांत रात्री उशिरापर्यंत रस्सीखेच चालली. शेवटी नियंत्रणसंदेशांसाठी हुआवेच्या पसंतीची पद्धती आणि मुख्य मजकुरासाठी प्रतिपक्षाची, अशी भाऊबंदकीची वाटणी झाली. गंमत अशी की दोन्ही पद्धतींची मूळ कल्पना विद्यापीठांतली. पहिली तुर्कस्तानचे प्राध्यापक एर्दाल अरिकान यांची, दुसरी अमेरिकेचे रॉबर्ट गॅलगर यांनी १९६० च्या दशकात मांडलेली. स्वतःची पेटंटे प्रमाणात बसवायची असतील तेव्हा दोन्ही गोटांना जागा सापडते. खेड्यातल्या फोनचा आवाज वाढवायचा म्हटले की तेच प्रमाण एकाएकी भरून जाते.

डिसेंबर २०२१ मध्ये समेट झाला. भारताचा प्रस्ताव जागतिक संघटनेच्या सतराव्या आवृत्तीत विलीन करण्यात आला. ती २०२२ साली गोठविण्यात आली. विजय म्हणून त्याचे ढोल वाजविण्यात आले. आमच्या मते तो अर्धा विजय आहे, आणि उरलेला अर्धा ‘ऐच्छिक’ या एका शब्दात अडकतो. प्रमाणात एखादी गोष्ट ऐच्छिक म्हणून नोंदली की ती चिपमध्ये बसविण्याची सक्ती कोणावर राहत नाही. ज्याच्या फोनला मागणी शहरात आहे तो ती कशाला बसवील?

‘पण फोन स्वस्त झाले, बोलणे फुकट झाले, ते या कंपन्यांमुळेच ना?’ हा शेवटचा हुकमी पत्ता. सुरुवातीच्या काळात मिनिटाला १६ रुपयांपर्यंत पडणारे बोलणे आज जवळजवळ विनामूल्य आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण २००२ च्या ऑक्टोबरात भारत संचार निगम मोबाईलमध्ये उतरले तेव्हा खाजगी कंपन्यांचे दर कसे घसरले ते ज्यांना आठवते त्यांनी ते सांगावे. त्याच्याही आधी, १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेने खेड्यासाठी १२८ जोडण्यांचे स्वयंचलित केंद्र बनविले. वातानुकूलनाची गरज नसलेले, धूळ आणि उकाडा सोसणारे हे केंद्र १९८६ साली सर्वप्रथम बेळगाव जिल्ह्यातील कित्तूरला बसविण्यात आले. ते तंत्रज्ञान सी-डॉटने कोणा एकाच्या घशात घातले नाही. सार्वजनिक व खाजगी अनेक कारखान्यांना दिले. मोबाईलची पिढी आली तेव्हा मात्र निगमला लहरीही वेळेवर मिळाल्या नाहीत आणि यंत्रसामग्रीही. एअरटेलची फोर-जी सेवा कलकत्त्यात एप्रिल २०१२ मध्ये सुरू झाली, जिओची देशभर सप्टेंबर २०१६ मध्ये. निगमच्या देशव्यापी फोर-जीचे उद्घाटन व्हायला २७ सप्टेंबर २०२५ उजाडला. मधल्या काळात, २०२० च्या टाळेबंदीत, सिंधुदुर्गातली मुले लहरी शोधीत डोंगर चढत होती. त्या उशिरा आलेल्या जाळ्यात सी-डॉट आणि बंगळूरच्या तेजस नेटवर्क्सचे देशी तंत्रज्ञान आहे, ही समाधानाची गोष्ट. पण तेजसची मालकी टाटांकडे आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

आता सहाव्या पिढीची तयारी चालू आहे. आंतरराष्ट्रीय संघटनेने तिची रूपरेषा २०२३ साली संमत केली. आपल्या सरकारने त्याच वर्षी उद्योगपती आणि संशोधनसंस्था यांची आघाडी स्थापन केली आणि जगातील सहाव्या पिढीच्या पेटंटांपैकी दहा टक्के भारताची असावीत असे उद्दिष्ट पुढे ठेवले. भारताची म्हणजे कोणाची? २०१८ साली दूरसंचार विभागाने फाइव्ह-जीच्या चाचणीकेंद्रासाठी २२४ कोटी रुपये मंजूर केले, त्यात मुंबईची आय.आय.टी. आणि समीर, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, अशा आठ सार्वजनिक संस्था होत्या. अशा पैशातून उद्या जी अपरिहार्य पेटंटे निघतील, ती लिलावाने कोणा बड्या घराण्याच्या तिजोरीत जाणार, की देशातल्या प्रत्येक कारखान्याला विनामूल्य मिळणार? त्या पेटंटांच्या जोरावर क्वालकॉम-एरिक्सनशी दराची घासाघीस सरकार स्वतः करणार, की ते काम लावासारख्या एकेकट्या कंपनीवर आणि शेवटी फोन घेणाऱ्यावर सोडणार? दूरसंचार विभागाने याची लेखी उत्तरे पुढील निधी मंजूर होण्यापूर्वी संसदेपुढे ठेवावीत. आणि ‘न्याय्य, वाजवी आणि भेदभावरहित’ एवढेच उत्तर आले तर त्या तीन शब्दांपुढे रुपयांत आकडा लिहून मागावा.